शिबिरात चष्मे वाटतो, पडदा कोण बघणार?

आपल्या मोहल्ल्यांत शिबिरे भरपूर होतात. रक्तदान, मोफत चष्मे, मोतीबिंदू. बोटातून थेंब काढून साखरही मोजतात, 'शुगर वाढलीय' अशी चिठ्ठी हातात पडते आणि माणूस घरी जातो. डोळ्याच्या आत मात्र कोणी डोकावत नाही. माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आधी त्या झिरपतात, काही बंद पडतात. मग नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त सांडते. बराच काळ यातले काहीच जाणवत नाही. दुखत नाही, पेपरही नीट वाचता येतो. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून 'अब्बांची नजर ठीक आहे' म्हणण्याला अर्थ नाही. औषधाचे थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच एकदा, आणि पुढे साधारण दरवर्षी. लेझर आणि इंजेक्शने आजार थोपवतात, गेलेली नजर बहुधा पूर्ण परत आणत नाहीत.

मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचीही हीच गत होते, म्हणून लघवीतली प्रथिनेही तपासायला हवीत.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतले काही आपल्याच दस्तरखानावर बसतात आणि 'थोडी साखर आहे' म्हणत शीरखुर्म्याची दुसरी वाटी घेतात.

रमजानचा विषय तर आपण टाळतोच. सूरह बकरात आजारी माणसाला सवलत आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे अनेक उलेमांनी सांगितले आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. तरीही घरातले मोठे गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतात, आणि अदब म्हणून आपण गप्प बसतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा, हे जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी सांगितले तर अब्बा आपल्यापेक्षा त्यांचे लवकर ऐकतील.

पुढच्या शिबिराची बैठक बसेल तेव्हा कमिटीतल्या तरुणांनी नेत्र रुग्णालयाकडे एकच मागणी करावी: पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा अम्मीला एकटीला पाठवू नका. गाडी तुम्ही चालवा.