फीचा हिशेब आहे, पगाराचा कुठे आहे?

परवा जोगेश्वरीच्या बहराम बागेतली माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. बी.एड. झाली, विनाअनुदानित शाळेत नोकरीही लागली. महिना 10 हजार. सोबत तिची अम्मी होती, हात मोकळे. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "सर, कंगन तो फीस में गए."

बँकेचं कर्ज नको, कारण व्याज. आणि बांगड्या गहाण ठेवून जे पैसे उचलले, त्यांवर काय चालू आहे? तेही व्याजच! आमच्या मोहल्ल्यातलं शिक्षणकर्ज असं असतं. ते दागिन्यांत असतं, बीसीत असतं, मामूच्या उसनवारीत असतं. म्हणून ते कुठल्या आकडेवारीत येत नाही, आणि कॉलेजवाल्याला लाजही वाटत नाही.

बँकेच्या भाषेतच हिशेब करू. 2 लाख, 11 टक्के, 5 वर्षं: हप्ता सुमारे 4,350 रुपये. दहा हजारांतून तो गेला की उरतं काय? अंधेरीत एका खोलीचं भाडंही सुटत नाही.

1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला. 2002 च्या टी.एम.ए. पै निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नाही. कागदावर सगळे ट्रस्ट, सगळे समाजसेवक. शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचा खर्च तपासून फी ठरवतं. म्हणजे फी कॉलेजच्या वहीवरून ठरते, मुलीच्या पगारावरून नाही. तो प्रश्न विचारायला खुर्चीच ठेवलेली नाही.

मी बी.एड. केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. फी दोनदा भरा, पगार तोच. 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबली, तेव्हाही ही कॉलेजं प्रवेश देतच होती. आजही अनुदानित माध्यमिक शाळेत जागा मिळालीच, तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, 18 हजार मानधन. तेही 2023 मध्ये वाढवलं म्हणून. आधी 8 हजार होतं.

आमचे जलसेवाले म्हणतील, "सर, तालीम पैशांत मोजता?" जनाब, पैशांत आधी कॉलेजने मोजली. तुम्ही स्टेजवर बसून त्याच संस्थाचालकाला शाल घातलीत. मौलाना आझाद महामंडळ 3 टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज देतं, हे त्या स्टेजवरून किती जणांनी सांगितलं?

निघताना मुलगी म्हणाली, "सर, तिथेच एम.एड. करू का? ॲडमिशन चालू आहे." मी म्हटलं, आधी ऑफिसात जाऊन विचार, मागच्या बॅचच्या मुली कुठे लागल्या, किती पगारावर. काल तिचा फोन आला. ऑफिसात म्हणाले, असलं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही. फॉर्म मात्र हातात दिला, 500 रुपये घेऊन.