सुईचा प्रश्न आणि आपला सोवळेपणा

व्यसनमुक्ती हा समाजवादी चळवळीचा जुना संस्कार आहे. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भगिनींचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. परंतु व्यसनाचा द्वेष करता करता व्यसनी माणसाचाच द्वेष करणे हा समाजवाद नव्हे. तो निव्वळ सोवळेपणा आहे, आणि त्याची किंमत माणसे प्राण देऊन चुकवीत आहेत.

मणिपूरचे उदाहरण पाहा. १९८९ च्या उत्तरार्धापर्यंत तेथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांच्या तपासणीत एचआयव्हीची लागण आढळत नव्हती. १९९० च्या मध्यास तपासलेल्यांपैकी सुमारे निम्मे बाधित निघाले. हा विषाणू हेरॉइनमधून नव्हे, एकमेकांत फिरणाऱ्या सुईतून पसरला. सुई जवळ बाळगण्याचीच जेथे धास्ती, तेथे एकच सुई अनेकांच्या हाती फिरणार!

राज्यकर्त्यांना हे कळत नाही काय? कळते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात निर्जंतुक सुया पुरविण्याची व ब्युप्रेनॉर्फिनच्या पर्यायी उपचाराची तरतूद आहे. तथापि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे २७ वे कलम केवळ सेवनासाठीही तुरुंग दाखविते. आरोग्य खात्याने सुई द्यावयाची आणि गृह खात्याने ती घेणाऱ्यास गजाआड करावयाचे, असा हा कारभार! कलम ६४-अ उपचार घेणाऱ्यास खटल्यातून सूट देते हे खरे. पण उपचार अर्धवट सुटला तर तीही सूट काढून घेता येते. २०१७ मध्ये सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण ६.२६ टक्के होते, तर देशातील प्रौढांत ०.२२ टक्के.

अतिमात्रेने श्वास मंदावलेल्यास नॅलॉक्सोन वेळेवर मिळाले तर तो वाचू शकतो. ते नातलगांच्या व सोबत्यांच्याही हाती असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली. पण मदतीस हाक मारताना ज्याला प्रथम पोलीस आठवतो, तो सोबती पळून जातो.

‘सुया वाटणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन’, असे आपल्यातीलही काही साथी म्हणतात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते : मेलेला माणूस व्यसन कसे सोडणार? सुईसाठी येणारा डॉक्टरपर्यंत पोहोचतो. पोलिसांना भिऊन लपलेला कोठेच पोहोचत नाही. शिवाय श्रीमंताच्या मुलास खाजगी उपचारकेंद्र असते. कोठडी असते ती फुटपाथवरच्या पोरासाठी.

पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक वापरापुरता साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला. तस्करी मात्र गुन्हाच ठेवली. आपणही सेवनाची शिक्षा रद्द करा, जिल्हा रुग्णालयांत पर्यायी उपचार द्या, नॅलॉक्सोन वस्त्यांपर्यंत पोहोचवा, अशी मागणी केली पाहिजे. व्यसनमुक्तीच्या आपल्या व्यासपीठावर व्यसनी माणसालाच जागा नसेल, तर ते व्यासपीठ कोणासाठी?