बॅटरी म्हणे हवं तेवढंच घेते!

फवारणीचा हंगाम तोंडावर आला की दरवर्षी एखादा जाणकार उगवतो. यंदाचे जाणकार आमच्या भागातल्या एका शेतकरी मेळाव्यात उगवले आणि पाठीवरच्या पंपाच्या बॅटरीवर बोलले. हा विषय वक्त्याच्या फार सोयीचा आहे. चुकीचं सांगितलं तरी फळ दिसायला पाच-सहा महिने जातात, आणि तोवर वक्ते दुसऱ्या गावच्या मांडवात पोचलेले असतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बॅटरी 12 व्होल्टची, तेव्हा 12 व्होल्टचा कुठलाही चार्जर चालतो. अँपिअर जास्त असले तर उत्तमच, लवकर भरते. ऑटोमॅटिक चार्जर ही कंपन्यांची पैसे काढायची युक्ती. बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे, गाय जशी हौदावर येते, पोटभर पाणी पिते आणि तोंड वर करते, तशी बॅटरी हवं तेवढंच घेते, बाकीचं सोडून देते. टाळ्या पडल्या. गाईचा दाखला दिला की टाळ्या पडतातच.

तर आधी गाईचंच बघू.

गाय तोंड वर करते कारण पोट भरल्याचं तिला कळतं. बॅटरीत कळणारं काहीही नाही. तिच्या प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या जाळीवर थापलेल्या प्लेटा असतात, एकीकडे लेड डायऑक्साइड, दुसरीकडे भुसभुशीत शिसं, आणि मधे गंधकाच्या तेजाबात भिजलेली काचेच्या तंतूंची चटई. वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, चार्ज करताना ते परत मूळ रूपात येतं. इथवर सगळं सुरळीत. खरा प्रश्न सल्फेट संपत आल्यानंतरचा. चार्जर ढकलतच राहिला तर तो करंट जाणार कुठे? तो पाणी फोडायला लागतो. सेलमागे साधारण 2.4 व्होल्ट, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीत 14.4 व्होल्ट ओलांडले की हे काम जोरात सुरू होतं. एका प्लेटवर ऑक्सिजन, दुसरीवर हायड्रोजन. बॅटरी तोंड वर करत नाही, तिचं पाणी जळायला लागतं.

ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीत हे होतं तेव्हा बुडबुडे ऐकू येतात. बूच उघडायचं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, संपलं. वक्त्यांनी "आपल्या वाडवडलांनी कुठे चार्जर निवडले होते?" असाही एक टोला मारला होता. वाडवडलांनी निवडले नाहीत, कारण त्यांच्या बॅटरीला बुचं होती आणि त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. प्लान्टे या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये शिशाची बॅटरी केली, तेव्हापासून शंभरेक वर्षं ती उघडीच होती आणि तिच्यावर केलेला अत्याचार पाण्याने भरून निघत होता. पंपात, यूपीएसमध्ये, रानडुकरांसाठी बांधावर लावलेल्या झटका मशीनमध्ये बसते ती सीलबंद बॅटरी. हिच्यात ऑक्सिजन चटईतून पलीकडच्या प्लेटपर्यंत जातो आणि तिथे त्याचं परत पाणी होतं. रचना मोठी सुरेख आहे, पण तिला वेगाची मर्यादा आहे आणि या कामात उष्णता निर्माण होते. करंट त्या मर्यादेपलीकडे गेला की आतला दाब वाढतो, रबरी टोप्या उचलल्या जातात आणि गॅस बाहेर निसटतो. गेलेलं पाणी परत घालायची सोयच ठेवलेली नाही.

कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने दुरुस्तीवाल्याच्या बाकावर बसलेली बॅटरी उघडलेली बघावी. स्वतः उघडू नये, तेजाब डोळ्यांना ओळखत नाही. वरची चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी पाचरीने उचलली की खाली बोटाच्या पेराएवढ्या सहा काळ्या टोप्या दिसतात. त्या काढल्या की आत टॉर्च मारायचा. धडधाकट बॅटरीत चटई ओलसर, किंचित चमकणारी असते. जास्त चार्जिंगने मेलेल्या बॅटरीत ती पांढरीफटक, फडफडीत कोरडी दिसते, आणि लाकडी काडी खुपसली तर काडी कोरडीच बाहेर येते. एवढं पाणी कोण प्यायलं? गाय तर नक्कीच नाही.

यात आमच्याकडचा मे महिना मिसळा. पत्र्याची खोली, दुपारी आतलं तापमान चाळिशीच्या पुढे, आणि चार्जर सकाळपासून तसाच लावलेला. शिशाची बॅटरी जितकी तापते तितका त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते, आणि जास्त करंट म्हणजे आणखी ताप. हे चक्र एकदा फिरू लागलं की प्लास्टिकची पेटी मऊ पडून फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बॅटरी पंपाच्या कप्प्यातून बाहेर निघता निघत नाही. एरवीही 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जी वस्तू गरम असताना कमी घ्यायला हवं तिथे जास्त घेते, तिला "हवं तेवढंच घेते" असं प्रमाणपत्र द्यायला मोठं काळीज लागतं.

आता तो चार्जर, ज्याची वक्त्यांनी भलामण केली. आत एक 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक लाल दिवा, की झाला चार्जर. साधं गणित करा. ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट ही आरएमएसची, म्हणजे लाटेच्या परिणामकारक मूल्याची भाषा झाली. लाटेचं टोक त्याच्या 1.41 पट, म्हणजे 17 व्होल्टच्या घरात असतं. डायोड 1.4 व्होल्ट खातात. उरले साडेपंधरा. हे लाइनला बरोबर 230 व्होल्ट असताना. रात्री उशिरा गावातल्या मोटरी बंद झाल्या आणि लाइन 250 वर गेली की हेच टोक 17 व्होल्टवर जातं. भरलेल्या बॅटरीला हा मार पहाटेपर्यंत. उलट शेतीच्या विजेच्या पाळीत शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या आणि लाइन 180 वर आली, तर टोक 11.9 व्होल्ट. म्हणजे ते 12 व्होल्टलाही पोचत नाही. लाल दिवा मात्र ऐटीत जळतोय, घरधनी समाधानाने झोपलाय, आणि बॅटरीत थेंबभर काही गेलेलं नाही. एकच चार्जर, एकाच रात्रीत उपाशीही ठेवतो आणि अजीर्णही करतो.

आणि गंमत पुढेच आहे. वक्त्यांचं वाक्य एका परिस्थितीत खरं ठरतं. चार्जरने व्होल्टेज 13.5 ते 13.8 मध्ये घट्ट धरून ठेवलं, तर बॅटरी भरत जाते तसा करंट आपोआप कमी होत होत काही मिलिअँपिअरवर येतो आणि तिथेच रेंगाळतो. तेव्हा ती खरोखर हवं तेवढंच घेते. पण व्होल्टेज असं धरून ठेवणारा चार्जर कोणता? तोच तो ऑटोमॅटिक, ज्याला त्यांनी कंपन्यांची युक्ती म्हटलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हे.

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा द्यायची गरज नाही. 12 व्होल्टचा कुठलाही चालतो म्हणता? मग राउटरचा अडॅप्टर लावून बघा. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी तिचे व्होल्ट 12.8 च्या आसपास असतात. 12 व्होल्टचा अडॅप्टर तिला भरणार कुठून? लिथियम पंपाचा 12.6 व्होल्टचा चार्जर त्याच भोकात बसतो, पण त्याच्यावर शिशाची बॅटरी कायम अर्धपोटी राहते, सल्फेट टणक होतं आणि दोन-चार महिन्यांत ती चार्जिंग धरेनाशी होते. उलटं करून शिशाचा चार्जर लिथियमला लावण्याचे प्रयोग तर घरात करूच नयेत. जास्त अँपिअर चांगले म्हणता? 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या कुशीवर सुरुवातीचा करंट 2.1 अँपिअरच्या आत ठेवा असं बहुतेक वेळा छापलेलंच असतं. तिला गाडीच्या बॅटरीचा 10 अँपिअरचा चार्जर लावणाऱ्याने निदान ते वाचून मग लावावा.

पार उतरवून मगच चार्ज करा, या सल्ल्याशी मात्र माझं जुनं भांडण आहे. हे खूळ निकेल-कॅडमियमच्या सेलांच्या काळातलं. त्या सेलांना अर्धवट वापराची खोड लागते असं म्हणत, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. ते सेल बाजारातून जवळजवळ गेले, सल्ला मात्र घराघरात राहिला. शिशाच्या बॅटरीचं गणित याच्या अगदी उलट आहे. दर वेळी पूर्ण उतरवली तर ती साधारण दोनशे-अडीचशे फेऱ्या काढते, निम्म्यावरच चार्जिंगला लावली तर त्याच्या दुपटीच्या आसपास. 10.5 व्होल्टच्या खाली तर ती जाऊच देऊ नये. दहा वर्षांमागे हाच वाद एका कृषी प्रदर्शनात झाला होता. तेव्हाच्या वक्त्यांनी शेवटी "ज्याचा त्याचा अनुभव" म्हणून विषय मिटवला. अनुभवाला कुणी नाही म्हणत नाही, पण तो अनुभव कुठल्या बॅटरीचा हे आधी सांगावं.

त्याच पठडीतली दुसरी समजूत, बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते. यावरूनही भल्याभल्यांशी वाजलं आहे. पूर्वी लाकडाच्या किंवा कडक रबराच्या पेट्या असत, त्यातून ओल आणि तेजाब झिरपायचं, तेव्हा खाली फळी ठेवण्यात अर्थ होता. आजची प्लास्टिकची सीलबंद पेटी फरशीवर ठेवा नाहीतर पाटावर पूजेला बसवा, तिला फरक पडत नाही. उतरते ती आपली आपण, महिन्याला दोन-चार टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सुगी संपल्यावर पंप माळ्यावर टाकला आणि पुढच्या पावसाळ्यात काढला की "फरशीने खाल्ली" असं म्हणायला लोक मोकळे.

मग घ्यायचं काय? ते सांगायला फार जागा लागत नाही, कारण ते बॅटरीच्या कुशीवर छापलेलं असतं. दोन ओळी शोधा. एक सतत लावून ठेवायच्या वापराची, 13.5 ते 13.8 व्होल्ट. दुसरी रोज वापरून रोज भरायच्या वापराची, बहुधा 14.4 ते 15 व्होल्ट. यूपीएससारखी कायम चार्जिंगवर असणारी बॅटरी पहिल्या ओळीत येते. फवारणीचा पंप आणि सौर पॅनेल नसलेलं झटका मशीन दुसऱ्या ओळीत. पण दुसऱ्या ओळीच्या आकड्यावर बॅटरी रात्रभर ठेवायची नसते. भरत आली की चार्जरने स्वतःहून 13.6 च्या आसपास उतरायला हवं किंवा बंद व्हायला हवं. हेच काम करणारा घ्यायचा. अँपिअर बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतके: 12 बाय 8 च्या, म्हणजे 12 व्होल्ट आणि 8 अँपिअर-अवरच्या पंपाला एक-दीड अँपिअर पुष्कळ झाले. चार्जरवर इनपुट 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असलं तर पडलेल्या लाइनवरही तो काम करतो. तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा मिळाला तर विदर्भ-खानदेशात त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण 25 च्या वर प्रत्येक अंशाला सेलमागे किमान 3 मिलिव्होल्ट कमी व्हायला हवेत. तो नसेल तर चार्जिंग रात्री आणि हवेशीर जागी. हंगाम संपला की बॅटरी भरून ठेवायची, आणि आमच्या उन्हाळ्यात दर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा भरायची.

हिरव्या दिव्यावर मात्र विश्वास टाकू नका. स्वस्त चार्जरमध्ये करंट थोडा कमी झाला की तो हिरवा होतो, आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि चार्जरच्या मोकळ्या पिनेला मीटर लावून दाखवणाऱ्या दुकानदारावरही नको. ट्रान्सफॉर्मर-डायोडच्या चार्जरवर डीसी मीटर सरासरी दाखवतो, म्हणजे दहाच्या आसपास, आणि साडेपंधराचं टोक लपून राहतं. खरं काय ते बॅटरी जोडल्यावरच कळतं.

म्हणून चार्जर घ्यायला जाताना आपली भरलेली बॅटरी सोबत न्या. दुकानात चार्जर लावायला सांगा, मीटरच्या पिना बॅटरीच्या टोकांना धरा आणि एक चहा होईस्तोवर थांबा. आकडा पंधराच्या आत थांबून खाली उतरू लागला तर पैसे द्या. वर चढतच राहिला तर तो चार्जर दुकानदाराकडेच राहू द्या. त्याने गाईचा दाखला दिला तरीही.