परांची म्हणजे घर नव्हे!

मंडळी, 'स्टेम सेलने गुडघ्याची झीज भरून काढा' असले फ्लेक्स आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाढत चाललेत. शास्त्राला माझा विरोध नाही. शास्त्राचं नाव पुढे करून चाललेल्या घाईला आहे. ती घाई काय करते, हे स्वीडनने बघितलंय.

घर बांधताना परांची लागते, तसा शरीरात नवं मांस, नवी त्वचा धरायला आधार लागतो. त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. गंभीर भाजलेल्यांसाठी गायीच्या कोलॅजेनपासून केलेला असा थर अमेरिकेत १९९६ पासून मान्य आहे. तो पातळ असतो, खालच्या जिवंत भागातून त्यात रक्तवाहिन्या शिरतात, म्हणून तो रुजतो.

२०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जनने प्लास्टिकची श्वासनलिका घेतली, तिच्यावर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दीडेक दिवस वाढवल्या आणि ती थेट माणसाला बसवली. जगभर टाळ्या! पण पेशी शिंपडल्या म्हणून प्लास्टिक जिवंत होतं का? रक्त पोचणार कुठून? आधी जनावरांवर पुरेसे प्रयोगही नव्हते. तिथे अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण वारले.

पाच महिन्यांनी पहिला रुग्ण ठणठणीत असल्याचं 'लॅन्सेट'ने छापलं. तो रुग्ण २०१४ च्या जानेवारीत गेला. लेख मागे घेतला कधी? २०२३ मध्ये!

आणि सर्जन एकटा नव्हता. २०१४ मध्ये तिथल्याच चार डॉक्टरांनी तक्रार केली. २०१५ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञाने गैरवर्तन झाल्याचं लिहून दिलं, तरी कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या कुलगुरूंनी क्लीन चिट दिली. वैद्यकाचं नोबेल जिथे ठरतं, ती ही संस्था! २०१६ मध्ये स्वीडिश टीव्हीने माहितीपट दाखवला तेव्हा कुठे कुलगुरूंची खुर्ची गेली. २०२३ मध्ये अपील कोर्टाने सर्जनला अडीच वर्षांची कैद सुनावली.

'मरणाऱ्याला एक संधी द्यायला काय हरकत?' असं विचारणारे भेटतात. त्याच कोर्टाने म्हटलंय, हे रुग्ण शस्त्रक्रियेविनाही काही काळ जगू शकले असते. संधी कोणाला मिळाली मग? रुग्णाला की सर्जनच्या नावाला?

नोबेलवाल्यांकडे हे घडतं, तर आपल्या तालुक्याच्या गावात कोण बघणार? आपणच. फ्लेक्सवाल्याला दोनच प्रश्न विचारा. उपचाराला सरकारी मान्यता असेल, तर कागद कुठाय? प्रयोग असेल, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे कसले घेताय? सीटीआरआयची यादी कुणालाही मोबाईलवर फुकट बघता येते.

उत्तराऐवजी 'विश्वास ठेवा' असं ऐकू आलं, तर चपला घाला आणि घरी या.