किंमत धातूची, प्रश्न पृष्ठभागाचा

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यासाठी ७६,६०० रुपये, कर वेगळा. नफेखोरीला आळा घालणारा हा निर्णय योग्यच होता. मात्र त्या कोष्टकात सांध्याचा धातू आणि रचना यांना मोल होते. त्याचा पृष्ठभाग जंतुसंसर्ग रोखतो काय, या प्रश्नाला स्थानच नव्हते.

वास्तविक रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा त्या पृष्ठभागावरच ठरते. अमेरिकी शल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. शरीराच्या पेशी आधी पोहोचल्या, तर धातू हाडाशी एकजीव होतो. जिवाणू आधी पोहोचले, तर ते स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात आणि त्याआड प्रतिजैविकांचा प्रभाव ओसरतो. मग बसवलेला सांधा वा रॉड काढणे, दीर्घ उपचार आणि पुन्हा शस्त्रक्रिया ओढवते.

या शर्यतीत पेशींना साथ देणारे उपाय उपलब्ध आहेत. हाडांच्या कर्करोगानंतर बसवल्या जाणाऱ्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर चांदीचा थर देतात. नडगीच्या हाडात घालायच्या रॉडवर जेंटामायसिनचा लेप युरोपात वापरात आहे. आपल्याकडे त्याची निकड कोणाला आहे? नियोजित गुडघेबदलात संसर्गाचे प्रमाण साधारण शंभरात एक-दोन असते. हाड कातडी फाडून बाहेर आलेल्या अस्थिभंगात ते अनेक पटींनी वाढते. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत ४,४३,३६६ माणसे जखमी झाली. अशा जखमीला लेप दिलेला रॉड हवा असतो; परंतु ठरीव रकमेच्या सरकारी पॅकेजमध्ये रुग्णालय महागडा रॉड कशासाठी घेईल?

म्हणून प्रत्येक लेपाला सरसकट वाढीव किंमत द्यावी, असे मी म्हणत नाही. प्रशासनात असताना ‘विशेष’ या एका शब्दावर दर चढलेले मी पाहिले आहेत. शिवाय प्रतिजैविकांचा सैल वापर प्रतिरोधाला खतपाणी घालतो. पुरावा हवाच. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे जोसेफ लिस्टर आठवतात. १८६७ मध्ये त्यांनी उघड्या अस्थिभंगांच्या अकरा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात अपयशाच्या नोंदीही होत्या.

आपल्याकडे नेमकी अशी नोंद सक्तीची नाही. स्वीडनने गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्येच सुरू केली. आपल्याकडील नोंदणी शल्यविशारदांच्या स्वेच्छेवर चालते. २०१० मध्ये सदोष ठरलेले धातूचे कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा भारतातील अनेक रुग्णांचा मागच लागला नाही.

उपाय तीन आहेत. आयुष्मान भारत योजनेतील प्रत्येक इम्प्लांटचे देयक राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदीशी जोडावे. अतिजोखमीच्या रुग्णांसाठी संसर्गरोधक लेपांचा स्वतंत्र, मुदतबंद दरवर्ग करावा. मुदत संपताच नोंदवहीतील निष्कर्ष अनुकूल असतील तरच तो पुढे चालू ठेवावा. नफेखोरी रोखण्याचे धैर्य सरकारने दाखवले. आता उपयुक्ततेचे मोजमाप करण्याची शिस्तही दाखवावी. अन्यथा स्वस्तात बसवलेल्या रॉडची खरी किंमत दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णच मोजत राहील.