सतरंजीवरची जागा

परदेशात आल्यावर पहिल्याच रविवारी मी एका चर्चमध्ये गेलो. दारात हस्तांदोलन झालं, छापील पत्रिका हातात पडली, उपासनाही नीटनेटकी झाली. बाहेर पडेपर्यंत माझं नाव मात्र कुणीही विचारलं नाही. त्या दुपारी मला चाकणजवळच्या महाळुंग्यातली एक खोली फार आठवली.

नगर जिल्ह्यातून मी तिथे कारखान्यात कामाला आलो होतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीची पद्धत जुनी. रविवारी आमच्यापैकी बरेच जण पाळीवर असत आणि सकाळची उपासना हुकायची. मग पाळकसाहेबांनी गुरुवारी संध्याकाळी घरप्रार्थना सुरू केली. दाराबाहेर सेफ्टी शूजचा ढीग, आत एक सतरंजी, आठ-दहा जणांत ‘उपासना संगीत’ची दोन पुस्तकं. ओडिशाहून आलेल्या एका मुलाला मराठी वाचता येत नसे. शेजारी बसणारी मावशी त्याला प्रत्येक ओळ आधी हळू म्हणून दाखवायची. प्रार्थना संपली की चहा व्हायचा आणि कुणाला भाड्याची खोली हवी, कुणाचा डबा बंद झालाय, याची चौकशी सुरू व्हायची. नव्या शहरात त्या खोलीनेच मला टिकवलं.

काही जण म्हणतात, चर्चचं काम उपासनेचं. ओळखीपाळखी मराठी मंडळात कराव्यात. मला हे पटत नाही. प्रभुभोजनाची भाकर एकच असते. जिथे जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसत, तिथे एकत्र बसून जेवणं हीच श्रद्धेची साक्ष होती. आपल्याकडे चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, ते उगाच नाही.

स्वागत म्हणजे समोरच्याला घाईने आपल्यासारखं करून घेणंही नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात आपलं सोवळंओवळं कसं हळूहळू सुटत गेलं, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. पुढे १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. आधी जागा द्यायची, मग वाट पाहायची, हा आपल्याच मातीतला धडा आहे.

दारावर ‘सर्वांचे स्वागत’ असा फलक लावणं सोपं असतं. महाळुंग्याच्या मंडळीने आमच्यासाठी गुरुवारची प्रार्थना सुरू केली आणि सतरंजीवर सरकून जागा दिली. स्वागताची खरी खूण ती.

आपल्या गावातल्या चर्चमध्ये आणि आपल्या या मराठी मंडळातही दरवर्षी नवी माणसं येतात. नवा चेहरा दिसला की नाव विचारा. आणि पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा.