चित्रफीत घरची, चावी परक्याची

स्वामित्वशुल्क म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या कापूस उत्पादकाला शिकवावे लागत नाही. बीटी कपाशीला २००२ साली देशात परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत एका शोधाचे भाडेही येऊन बसले. २०१६ साली केंद्र सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, तेव्हा त्यातले ४९ रुपये या भाड्याचे, हे निदान कागदावर स्पष्ट झाले. बियाण्याच्या भाड्यावर सभा झाल्या, पत्रके निघाली. मात्र सभा-मोर्चांचे चित्रण ज्या डीव्हीडीवर उतरवले जाई, तिच्यातही तसलेच भाडे दडलेले होते, याची वाच्यता फारशी झाली नाही.

हे भाडे कोठे होते? साध्या दूरदर्शन संचावर दिसणारे चित्र संगणकात जसेच्या तसे साठवले, तर एका तासाला सत्तर गिगाबाइटहून अधिक जागा लागते. डीव्हीडीच्या एका थरावर मावतात जेमतेम ४.७. म्हणून चित्राचे संक्षेपण करावे लागते आणि डीव्हीडीसाठी ते सहसा एमपेग-२ या ठरावीक पद्धतीने केले जाते. या पद्धतीवरची एकस्वे अनेक कंपन्यांकडे विखुरलेली होती. त्या कंपन्यांनी ती एकत्र बांधून जगभर परवाने विकले. पद्धत वापरणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे, प्रत्येक आज्ञावलीमागे आधी चार आणि २००२ पासून अडीच डॉलर. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु जकात नाक्यावरही एका गाडीमागे क्षुल्लकच रक्कम घेतली जाई. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेसुद्धा २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी दाखवण्याची अंगभूत सोय काढून टाकताना या खर्चाचे कारण पुढे केले होते.

अमरावती-अकोल्यात लग्ने, कीर्तने, जयंतीच्या मिरवणुका चित्रित करून पोट भरणाऱ्या तरुणांनी यावर जो मार्ग काढला, तो सर्वांना ठाऊक आहे. महागड्या आज्ञावलीची चोरटी प्रत कोणाकडून तरी आणावयाची. मोफत म्हणून जे मिळे, त्यालाही बहुधा मुदत असे. एका प्रसिद्ध जपानी आज्ञावलीची मोफत आवृत्ती एमपेग-२ ची सोय तीस दिवसच देई. पुष्कळ कार्यकर्तेही या चोरट्या प्रतींचे समर्थन करतात. बड्या कंपनीचे नुकसान झाले तर बिघडले कोठे, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल उथळ आहे. चोरटी प्रत मक्तेदारीला धक्का लावत नाही, तिचा पाया पक्का करते. हात त्याच साधनाला सरावतात, शिकवणी वर्ग तेच शिकवतात आणि उद्या पावती मागितली गेली की तोच तरुण गुन्हेगार ठरतो. शिवाय चोरून वापरणारा मनुष्य कधी हक्क मागावयास उभा राहू शकत नाही.

वस्तुतः दुसरा मार्ग केव्हाचा खुला आहे. फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेली एफएफएमपेग ही आज्ञावली जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवली. तिला ‘पाल’ पद्धतीची डीव्हीडी हवी एवढे एका ओळीत सांगितले की योग्य आकाराची एमपेग-२ फाइल तयार होते. अनुक्रमणिका आणि बटणे घालून तबकडीचा आराखडा रचण्यासाठी डीव्हीडीस्टायलर आहे. दोन्हींना दाम पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची घडण कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि वाटता येते. अमेरिकेतील एमपेग-२ चे शेवटचे एकस्वही फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले. उणीव आहे ती मराठीतून पायरीपायरीने समजावणाऱ्या पुस्तिकेची. ही उणीव कोणा बहुराष्ट्रीय कंपनीने लादलेली नाही.

भारतीय कायद्याचा इतिहासही येथे आठवावा. एकस्व कायद्याच्या कलम ३(क) नुसार निव्वळ संगणक-आज्ञावलीवर एकस्व मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही भिंत खिळखिळी करण्याचा प्रयत्न केला. डाव्या पक्षांसह अनेकांनी विरोध केला आणि २००५ साली संसदेने कायदा संमत करताना ती दुरुस्ती गळाली. औषधांच्या किमतींवरील त्या वेळच्या वादळात हा विजय झाकोळला गेला. पक्षाच्या अभ्यासवर्गांतून तो सांगितला जावा.

साधन हाती आले की सामान्य माणूस काय करतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर यांनी लग्नाच्या चित्रणासारख्याच सामग्रीवर ‘मालेगाव के शोले’ उभा केला आणि संकलनासाठी दोन व्हीसीआर जोडून काम भागवले. भांडवल नव्हते म्हणून कोणी थांबले नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद भागातील निहाली तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात निःसंशय बसत नाही आणि ती बोलणारे थोडेच उरले आहेत. या भाषांतली गाणी, गावोगावच्या दंडारी, धरणग्रस्तांच्या बैठका, जुन्या पिढीच्या कार्यकर्त्यांची भाषणे यांपैकी जे काही व्हीएचएस फितींवर टिपले गेले असेल, ते आज कपाटांत, माळ्यांवर पडून आहे. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि मागोमाग पावसाळ्याची ओल येते. चुंबकीय फितीला दोन्ही मारक. त्यात जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यापासून नवे यंत्र मिळणे संपले. फीत टिकली आणि ती वाचणारे यंत्रच उरले नाही, अशी गत व्हावयास फार वर्षे लागणार नाहीत.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांनी हे काम अंगावर घ्यावे, ही मागणी रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत तालुक्यागणिक एक चालू व्हीसीआर, एक जुना संगणक आणि चित्र आत घेणारे एक छोटे उपकरण एवढ्यावर आरंभ करता येईल. गावात दाखवावयास डीव्हीडी ठीक. पण घरी लिहिलेली तबकडीही काही वर्षांत दगा देते, म्हणून मूळ प्रत एफएफव्ही-१ या खुल्या, हानिरहित पद्धतीने दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या गावी ठेवावी. बुरशी चढलेली फीत तशीच यंत्रात घालू नये. तिच्यासोबत यंत्रही निकामी होते. आधी याद्या कराव्यात: कोणती फीत, कोणाकडे, कोणत्या सालची, तीत कोण बोलते आहे. ती माणसे ओळखणारे जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांच्याकडे प्रथम जावे.